एक फाइल, पाच कर्सर: कोलाबोरा ऑनलाइनवर काढलेली शाळेची स्मरणिका

मंगळवारची रात्र, साडेनऊ वाजलेले. स्मरणिकेचं एकशे बारावं पान स्क्रीनवर उघडं होतं. शाळेच्या मुख्याध्यापकांची यादी, १९२५ पासून आजवरची. त्या एका पानावर आम्ही पाच जण बसलो होतो. सांगलीत मी, गावात सर, पुण्यात ताई, दोह्यात माझ्याच वर्गातला एक भाऊ आणि टोरांटोत आम्हाला सात-आठ वर्षं सीनियर असलेला दादा. त्याच्याकडे तेव्हा दुपारचे बारा वाजले होते, जेवणाच्या सुट्टीत तो येऊन बसायचा. प्रत्येकाचा कर्सर वेगळ्या रंगाचा, हलला की त्यावर नावाची छोटी चिठ्ठी दिसते. यादीतल्या पाचव्या नावाची आद्याक्षरं उलटी पडली होती. सरांचा पिवळा कर्सर तिथे जाऊन थांबला. एक अक्षर गेलं, टिंब गेलं, नवं अक्षर आलं. त्याच वेळी दोन ओळी खाली ताई एक साल दुरुस्त करत होती. आणि दादानं त्या पाचव्या नावाला कॉमेंट जोडली: ‘सर, हे माझे आजोबा. दाखल्यावर असंच आहे. बरं झालं तुम्ही पाहिलंत.’

एकवीस वर्षं मी डीटीपी करतेय. लग्नपत्रिकेपासून पीएचडीच्या प्रबंधापर्यंत सगळं लावलंय. पण मॅटर दुरुस्त होत असताना, दुरुस्त करणाऱ्याचा हात एका शब्दावर अडखळताना आणि पुन्हा पुढे सरकताना मी कधी पाहिला नव्हता. माझ्यापर्यंत दुरुस्ती यायची ती लाल शाईत, किंवा हल्ली प्रूफाचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो म्हणून. त्यामुळे कोलाबोरा ऑनलाइनबद्दल, म्हणजे ब्राउझरमध्ये एकाच फाइलवर अनेकांना एकत्र लिहू देणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल, मी जे लिहिणार आहे ते चार दिवस चाळवून लिहिलेलं नाही. सात महिने, १७६ पानं, सोळा पानी अकरा फर्मे, आणि साठेक लेख यावरच तयार झाले.

आधीची पद्धत सांगते, कारण असं काम करणारे सगळे तिच्यातून जातात. लेख ईमेलवर यायचे. मी लिब्रे ऑफिस या मोफत सॉफ्टवेअरच्या रायटरमध्ये, म्हणजे वर्डसारख्या लेखनाच्या भागात, एक मोठी फाइल केली, परिच्छेदांच्या स्टाइल्स बांधल्या, तळटीपा लावल्या आणि ती सगळ्यांना पाठवली. पहिल्याच आठवड्यात तीन जणांकडून तीन फाइली परत आल्या. ताईनं बदल नोंदवून ठेवले होते, ट्रॅक चेंजेस चालू ठेवून. काकांनी, म्हणजे समितीच्या सचिवांनी, थेट बदलून पाठवलं. सरांनी छापून, पेनानं खुणा करून, स्कॅन पाठवला. तिन्ही एकत्र करताना शाळेच्या पहिल्या शिपायावरचा दीड परिच्छेद माझ्याकडून गळाला. पंधरा दिवसांनी त्या कुटुंबातल्या आजींनी फोनवर विचारलं, ‘बाई, आमच्या घरच्यांचं लिहिलेलं कुठं गेलं?’ त्यांना उत्तर देताना माझा आवाज लागेना. फाइली जुळवायच्या या पद्धतीनं यापुढे काम करायचं नाही, हे मी त्या दिवशी ठरवलं.

गूगल डॉक्स आम्ही सगळेच वापरतो आणि एकत्र लिहायला ते उत्तम आहे. त्याचा जन्मच ब्राउझरमधला. २००५ सालच्या रायटली नावाच्या सेवेतून ते आलं. पण माझं मॅटर रायटरच्या ओडीटी फाइलमध्ये होतं, स्टाइल्स आणि फ्रेम्ससकट. ते एकीकडून दुसरीकडे नेऊन पुन्हा परत आणायचं म्हटलं की काही ना काही हलणारच. मला रायटरच हवा होता, फक्त त्यात पाच जणांना बसता यायला हवं होतं. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘मावशी, तसं आहे की.’ आणि त्यानं भाड्याच्या एका सर्व्हरवर फाइली ठेवायला नेक्स्टक्लाउड आणि फाइली उघडायला कोलाबोरा ऑनलाइनची मोफत आवृत्ती, कोड (CODE) नावाची, बसवून दिली.

कोलाबोराच्या पोटात लिब्रे ऑफिसच आहे. नुसतं दिसायला तसं नाही, खरोखर तेच. आणि हे सॉफ्टवेअर एका वेळी एकाच माणसानं वापरायचं म्हणून लिहिलेलं. त्याचं मूळ जर्मनीतल्या ल्युनेबुर्ग गावात, १९८५ साली. मार्को ब्योरीस नावाच्या सोळा वर्षांच्या मुलानं स्टार डिव्हिजन ही कंपनी काढली, तिच्या स्टार रायटरचं पुढे स्टार ऑफिस झालं. १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सनं ते विकत घेतलं, २००० मध्ये त्याचा कोड, म्हणजे मूळ प्रोग्रॅम, सगळ्यांसाठी खुला झाला, आणि २०१० मध्ये त्यातून लिब्रे ऑफिस वेगळं निघालं. इतक्या जुन्या घरात पाच कुटुंबं राहायला आणायची म्हणजे भिंती किती पाडाव्या लागतील याचा विचार करा. कर्सर एकच असणार, निवडलेला मजकूर एकच असणार, ‘मागे घ्या’ म्हटलं की शेवटची कृती आपलीच असणार, उघडलेली खिडकी आपल्यासाठीच असणार, हे सगळं त्या कोडमध्ये गृहीत धरलेलं होतं.

असं एकट्याचं सॉफ्टवेअर अनेकांचं करायच्या दोन वाटा आहेत. एक वाट संशोधकांनी बरीच आधी घालून दिली. प्रत्येकाच्या संगणकावर फाइलची आपापली प्रत, आणि एकानं केलेली कृती बाकीच्यांकडे पाठवायची. १९८९ मध्ये एलिस आणि गिब्ज या दोघांनी अमेरिकेत त्याची रीत मांडली. अडचण कुठे येते ते आमच्याच वाक्यावर दाखवते. ‘शाळेची स्थापना १९२४’ असं छापलं होतं. संगणक मोजतो तशी, म्हणजे काना, वेलांटी, हलन्त आणि मोकळी जागा सुटी धरून चिन्हं मोजली, तर त्यातला ४ हा एकोणिसावा. सरांना तो ५ करायचा आहे, कारण परवानगी १९२४ ची असली तरी वर्ग भरला १९२५ मध्ये. त्याच क्षणी ताईनं वाक्याच्या सुरुवातीला ‘मराठी’ आणि एक मोकळी जागा घातली, म्हणजे सहा चिन्हं. आता सरांचा निरोप ‘एकोणिसावं चिन्ह बदला’ असा ताईच्या प्रतीकडे पोचला, तर तिथे एकोणिसावं चिन्ह आहे ‘स्थापना’तला न. न जाईल, तिथे ५ बसेल, आणि साल चुकीचंच राहील. म्हणून निरोप पोचल्यावर आधी हिशेब करायचा: मध्ये सहा चिन्हं आली आहेत, तर एकोणीसचं पंचवीस धरा. ही झाली त्या रीतीची गाभ्याची गोष्ट.

ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या ग्रिफिथ विद्यापीठात चेंगझेंग सुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या दशकात याच रीतीनं मायक्रोसॉफ्ट वर्डला अनेकांचं करून दाखवलं, तेही वर्डच्या मूळ कोडला हात न लावता, बाहेरून. त्याला त्यांनी कोवर्ड नाव दिलं. मला हे वाचून त्या माणसांबद्दल फार आदर वाटला. बंद घराच्या खिडकीतून हात घालून आतलं सामान लावण्यासारखं ते काम.

कोलाबोरानं दुसरी वाट घेतली. फाइलच्या प्रती करायच्याच नाहीत. फाइल सर्व्हरवर एकाच ठिकाणी उघडायची, एकाच प्रक्रियेत, म्हणजे चालू असलेल्या एकाच प्रोग्रॅममध्ये, आणि प्रत्येक माणसाला तिच्याकडे पाहायची आपली स्वतंत्र खिडकी द्यायची. आपण टाइप केलेलं अक्षर सर्व्हरवर जातं, तिथला रायटर ते बसवतो, आणि पानाचा जेवढा भाग बदलला तेवढं चित्र प्रत्येकाच्या ब्राउझरकडे परत येतं. २५६ बाय २५६ पिक्सेलच्या फरश्या असतात, त्या जुळवून आपल्याला पान दिसतं. सगळ्यांच्या कृती एकाच दारातून एकामागून एक आत जातात, त्यामुळे प्रती वेगळ्या होण्याचा प्रश्नच येत नाही. इथे मूळ कोड खुला असल्याचा फायदा झाला. बाहेरून हात घालायची गरज नव्हती, भिंतीच बदलता आल्या. डिसेंबर २०१५ मध्ये पहिली आवृत्ती आली आणि २०१६ मध्ये एकत्र लिहिण्याची सोय.

डीटीपी करणाऱ्या माणसाला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट कुणी जाहिरातीत सांगत नाही. पान सर्व्हरवर चित्र होऊन येतं, म्हणजे अक्षरही तिथेच घडतं. आपल्या फोनमध्ये कुठला फॉन्ट आहे, दोह्याच्या ऑफिसमधल्या संगणकात मराठी नीट दिसतं की नाही, याला काही अर्थ उरत नाही. सर्व्हरवर जो फॉन्ट आहे तोच सगळ्यांना, तसाच.

देवनागरीत काम न करणाऱ्याला याचं महत्त्व कळायचं नाही. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला तो कोयत्यासारखा र, जो ‘वाऱ्यावर’ आणि ‘सुऱ्या’मध्येही येतो, तो नीट घडायला फॉन्टमध्ये मुद्दाम सोय करावी लागते. सोय नसली की नुक्ता दिलेला र, त्याला पाय मोडलेला आणि शेजारी सुटा य, असं काहीतरी दिसतं. पूर्वी मी ईमेलनं पाठवलेली फाइल समोरच्याकडे अशी दिसायची आणि तो प्रामाणिकपणे कळवायचा, ‘ताई, बारा ठिकाणी चूक आहे.’ चूक नसायचीच. एका कवितासंग्रहात समोरच्यानं अशा दिसलेल्या सगळ्या जागा ‘दुरुस्त’ करून पाठवल्या होत्या, आणि त्या पुन्हा मूळपदावर आणायला मला दोन दिवस लागले होते. या वेळी मी मजकुरासाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्त फॉन्ट सर्व्हरवर चढवला. नेक्स्टक्लाउडच्या प्रशासकाच्या सेटिंग्जमध्ये त्यासाठी जागाच दिलेली आहे, फाइल टाकली की झालं. सात महिन्यांत ‘दुसऱ्या’ बिघडलं असं एकदाही कुणी म्हणालं नाही.

त्यातच एक बारीक गोष्ट, जी समजायला मला आठवडा लागला. काही फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी वळणं वेगळी दिलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं फाइलमध्ये नोंदलेलं असेल तरच ती येतात. दोह्यातला भाऊ फोनवर लिहून, तिथून कॉपी करून आणून चिकटवायचा. त्याच्या परिच्छेदांमधला ‘ल’ हिंदी वळणाचा दिसायचा, शेजारच्या परिच्छेदात मराठी. कारण लक्षात आल्यावर मी सगळ्यांना एकच सांगितलं: चिकटवताना नुसता मजकूर चिकटवा, बाकीचं काही आणू नका. आणि मुख्य स्टाइलमध्ये भाषा मराठी बांधून टाकली. एकाच वेळी पाच स्क्रीनवर सगळे ल सरळ झाले. ताई पुण्याहून फोनवर म्हणाली, ‘अगं, आत्ता काय केलंस तू? पान एकदम आपलं दिसायला लागलं.’

आता ‘मागे घ्या’बद्दल. एकट्याच्या सॉफ्टवेअरचं सगळ्यात अवघड हाड हेच, आणि इथे ते जाणवतं. फाइल एक, म्हणून केलेल्या कृतींची थप्पीही एकच. त्यातली स्वतःची कृती मागे घेता येते, पण थप्पीवर वर दुसऱ्याची कृती बसली असेल तर सॉफ्टवेअर अडवतं आणि दुरुस्तीची एक खिडकी उघडायला सुचवतं. त्या खिडकीत कुणी, केव्हा, काय केलं याची यादी असते. यादीतल्या हव्या त्या ठिकाणापर्यंत मागे जाता येतं, पण मधल्या सगळ्यांच्या कृती सोबत जातात. नंतरच्या आवृत्त्यांत वेगवेगळ्या परिच्छेदांतलं साधं टायपिंग ज्याचं त्याला मागे घेता यावं एवढी सुधारणा झाली आहे, आणि रोजच्या कामाला ती पुरते. तक्ता घातला, फोटो हलवला, स्टाइल बदलली, असं काही असेल तर मात्र जपून.

आम्ही यावर नियम केला. कंट्रोल-झेड सरसकट दाबायचं नाही. चुकलं तर हातानं दुरुस्त करायचं. मोठी दुरुस्ती करणाऱ्यानं आधी ग्रुपवर ‘पान ४० ते ४८ मी घेतेय’ असं लिहायचं. आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी मी फाइलची एक तारखेची प्रत वेगळी ठेवायचे. तसं नेक्स्टक्लाउड जुन्या आवृत्त्या ठेवतंच, पण माझ्या मनाला ते बरं वाटायचं. सरांना हा नियम समजावायला मी गावी गेले होते. वय ७८, आयुष्यभर व्याकरण शिकवलेलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘म्हणजे फळ्यावर पाच जण लिहितायत आणि डस्टर एकच आहे.’ इतकं नेमकं मला कुठल्याही माहितीपत्रकात सापडलं नाही. त्यांनी तो नियम शेवटपर्यंत पाळला.

टायपिंगचा वेग. सर्व्हर मुंबईत होता, सांगलीहून आणि पुण्याहून अक्षर बोटाबरोबर उमटायचं. टोरांटोहून दादाला ते क्षणभर उशिरा दिसायचं. त्याला आधी बिचकायला झालं, अक्षर दिसलं नाही म्हणून तो पुन्हा दाबायचा आणि दोनदा पडायचं. आठवड्याभरात हात सरावला. नेट गेलं तर काम थांबतं, कारण आपल्याकडे फाइल नाहीच, फक्त तिचं चित्र आहे. गावात पावसात वीज जाते तेव्हा सर वही घेऊन बसायचे आणि नेट आलं की वहीतलं टाइप करायचे. जिथे नेटचा भरवसा नाही तिथे ही गोष्ट आधी लक्षात घ्या.

फोनवर वाचायला आणि कॉमेंट करायला छान. काकांनी सगळं काम फोनवरच केलं, कॉमेंट लिहून. कॉमेंटला उत्तर देता येतं, काम झालं की ती निकालात काढता येते, आणि कुणाची काय शंका होती हे शेवटपर्यंत राहतं. बदल नोंदवण्याची सोय तर रायटरची जुनीच आहे आणि इथे ती पाच जणांची पाच रंगांत चालते. प्रूफ वाचायच्या शेवटच्या महिन्यात ती मी कायम चालू ठेवली. कुणाचा शब्द कुणी बदलला हे दिसत राहिल्यानं एकमेकांशी बोलणं वाढलं. ताई आणि सर यांच्यात ‘विद्यार्थ्यांनी’ की ‘विद्यार्थ्यांनीं’ यावर जी चर्चा झाली ती मी जपून ठेवली आहे. जुन्या लेखातला तो शेवटचा अनुस्वार सरांना राहू द्यायचा होता, कारण लेख १९३८ च्या हस्तलिखितातला होता. तो राहिला.

देणगीदारांची यादी आम्ही कोलाबोराच्या कॅल्कमध्ये, म्हणजे तक्त्यांच्या भागात, केली, चारशेवर नावं. तिथे एक गोष्ट सांभाळा. आमच्याकडच्या आवृत्तीत एकानं फिल्टर लावलं की ते सगळ्यांनाच लागलेलं दिसायचं. काकांनी ‘फक्त मुंबई’ असं लावलं की बाकीच्यांची नावं आमच्याही समोरून नाहीशी. नावं जात नाहीत, झाकली जातात, पण पैशांची यादी असल्यानं पोटात गोळा येतो. आम्ही प्रत्येक शहराचं वेगळं पान केलं आणि फिल्टर लावणंच सोडलं.

आणि एक इशारा, जो मी चुकून शिकले. नेक्स्टक्लाउड तुमच्या संगणकावरही फाइलची प्रत उतरवून ठेवू शकतं. एका रात्री बाकीचे ब्राउझरमध्ये असताना मी तीच फाइल माझ्या संगणकावरच्या लिब्रे ऑफिसमध्ये उघडली, तीन शीर्षकं बदलली आणि सेव्ह केली. लगेच ब्राउझरमध्ये सगळ्यांसमोर प्रश्न आला: फाइल बाहेरून बदलली आहे, तुमचे बदल सोडायचे, वरून लिहायचे, की नव्या नावानं ठेवायचे? ताईनं शहाणपणानं नव्या नावानं ठेवले, म्हणून वाचलो. सॉफ्टवेअरनं विचारलं हे त्याचं चांगलं. पण एकत्र काम चालू असताना दुसऱ्या दारानं आत शिरायचं नाही, हे माझ्या टेबलासमोर आजही कागदावर लिहून लावलेलं आहे.

खर्च. आठ जीबी मेमरीचा सर्व्हर, महिन्याला अठराशे रुपयांच्या आसपास. आधी आम्ही यापेक्षा अर्ध्या किमतीत चार जीबीचा घेतला होता. फोटो घातलेली १७६ पानी फाइल पाच जणांनी उघडली की तो हाशहुश करायचा. एकाच प्रक्रियेत सगळे असल्यानं एकानं जड काम काढलं, मोठा फोटो घातला किंवा पीडीएफ काढायला लावली, की बाकीच्यांचे कर्सरही तेवढा वेळ थबकतात. मेमरी वाढवल्यावर हे खूप कमी झालं, पण मी पीडीएफ पहाटेच काढायचे. ज्या होस्टिंगवाल्याकडे हा पहिला सर्व्हर होता त्यानं एकदा भर संध्याकाळी न कळवता तो बंद करून चालू केला. मुळात थोडं थांबलं की अर्ध्या मिनिटात आणि लिहीत राहिलं तरी पाच मिनिटांनी फाइल आपोआप साठवली जाते, म्हणून फक्त ताईचा अर्धा परिच्छेद गेला. तिनं तो पुन्हा लिहिला आणि आम्ही होस्टिंग बदललं.

बसवायला मात्र माहीतगार माणूस लागतो. भाच्यानं दोन रविवार घातले. सर्व्हर, नेक्स्टक्लाउड आणि कोलाबोरा यांची एकमेकांशी ओळख करून देणं, सुरक्षित पत्ता घेणं, फॉन्ट चढवणं, हे सगळं मी एकटीनं केलं नसतं. घरात असा भाचा नसेल तर तयार नेक्स्टक्लाउड भाड्यानं देणारे आहेत, त्यांच्याकडे जा. आणि सजावटीची अंतिम पानं, मुखपृष्ठ, ब्लीड, रंगांचं विभाजन, याची अपेक्षा इथे करू नका. ते काम मी माझ्या नेहमीच्या सॉफ्टवेअरवरच केलं. मॅटर शेवटच्या अक्षरापर्यंत एकमतानं पक्कं करायचं, हे याचं काम, आणि ते यानं माझ्या इतक्या वर्षांतल्या कुठल्याही पद्धतीपेक्षा चांगलं केलं. शिपायाच्या कुटुंबातल्या आजींना मी त्यांचं पान नातवाच्या फोनवर उघडून दिलं होतं. त्यांनी बोलून सांगितलं, नातवानं कॉमेंट लिहिली, मी वाक्य बसवलं, आणि ते बसलेलं त्यांनी तिथल्या तिथे वाचलं. दीड परिच्छेदाचे अडीच झाले.

स्मरणिका छापून वाटून झाली. समितीनं सर्व्हर बंद करायचा ठरवला होता, पण सरांनी विचारलं, ‘आणखी वर्षभर ठेवता येईल का? मला माझ्या आठवणी लिहायच्यात.’ पैसे दादा पाठवतो. आता रोज पहाटे साडेपाचला सर लिहायला बसतात. मला वाचायला त्यांनीच बोलावलंय, आणि शंका आली तर कॉमेंट करायची परवानगी दिलीय. सकाळचा चहा घेताना मी ती फाइल उघडते. आज पिवळा कर्सर नवव्या पानावर होता, ‘दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी वडील’ इथपर्यंत येऊन थांबलेला. मी चहा संपेपर्यंत बघत राहिले. मग पुढचा शब्द आला.